बिननावाची घागर

खानदेशात आखाजीच्या दिवशी दोन हिशेब होतात. सालदाराचं जुनं साल त्या दिवशी संपतं आणि नवं ठरतं. त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांची घागरही भरली जाते. नवी मातीची घागर, तिच्यात गार पाणी, वर खरबूज नाहीतर आंबा, पुढे पुरणपोळी आणि आमरस. निखाऱ्यावर घास टाकताना एकेकाचं नाव घ्यायचं. माहेरवाशिणी आलेल्या असतात, निंबाला झोके टांगलेले असतात. हसणं आणि आठवण एकाच अंगणात नांदतात.

माझं आजोळ अमळनेर तालुक्यातलं, पांझरेकाठचं. तिथं आजी एकच घागर भरून थांबत नसे. सासऱ्याची एक, सासूची एक. तिसरी भरताना ती आजोबांच्या पहिल्या बायकोचं नाव घ्यायची, आणि ते सगळ्यांत मोठ्यानं. चौथी घागर ती सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून ठेवायची. तिच्यावरही आंबा असायचा, तिलाही नैवेद्य असायचा. पण नाव घेतलं जायचं नाही. लहानपणी आम्ही विचारायचो, ही कोणाची? आजी म्हणायची, "ऱ्हाऊ दे, शे एक."

या चौथ्या घागरीवरच या वेळचं संपादकीय लिहिते आहे. आपल्या केंद्रात येणाऱ्या बायकांकडून आपण हकिगत लिहून घेतो: लग्न कधी झालं, मारहाण केव्हापासून, दागिने कुठे. पण स्वतःच्या घरातल्या बायांची हकिगत आपल्यापैकी किती जणींनी लिहून ठेवली आहे? मी तरी ठेवली नव्हती. आणि ज्या घरात दोन आया, दोन बाप आणि तीन तऱ्हेची भावंडं, त्या घरात ती लिहिली नाही तर काय होतं, ते मला एकसष्टाव्या वर्षी कळलं.

आधी घराची मांडणी सांगते. आजोबांची पहिली बायको १९४४ साली तापानं गेली. मागे दोन पोरं, माझी मावशी आणि मोठा मामा. त्याच वर्षी तिकडे शिरपूर तालुक्यात माझी आजी विधवा झाली, पदरात दोन वर्षांची मुलगी. ती मुलगी म्हणजे माझी आई. १९४६ साली आजोबा आणि आजी यांचा पाट लागला. पाट रात्री लागायचा. त्याला वाजंत्री नसे, सवाष्णी समोर येत नसत. आजी मुलीचं बोट धरून घरात आली तेव्हा उंबऱ्यात उभी असलेली मावशी नऊ वर्षांची होती. तीन वर्षांनी धाकटा मामा झाला. म्हणजे घरात 'तिची' दोन, 'माझी' एक आणि 'आमचा' एक.

अशी घरं काही मुलखावेगळी नव्हती. गेल्या शतकाच्या सुरुवातीला प्लेगानं आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझानं गावंच्या गावं पोखरली. बाळंतपणात बायका जात होत्या ते वेगळंच. ज्या जातींत पाटाची चाल होती तिथं विधुर आणि विधवा यांची घरं जोडली गेली. ज्या जातींत ती नव्हती तिथं विधुराला चौदा वर्षांची मुलगी मिळायची आणि विधवेला अंधारी खोली. शिवाय मुंबई प्रांतात १९४६ साली द्विभार्याप्रतिबंधक कायदा येईपर्यंत पहिली जिवंत असताना दुसरी आणण्याला हिंदू पुरुषाला कसली आडकाठी नव्हती. तेव्हा 'सावत्र' हा शब्द आपल्या कहाण्यांमध्ये जितका दुष्ट दिसतो तितकाच तो आपल्या घरांमध्ये रोजच्या वापरातला होता.

आता आजीनं काय केलं ते ऐका. मावशीनं एकदा तिला विचारलं, "मनी माय कशी व्हती?" आजीनं त्या बाईला कधी पाहिलेलंच नव्हतं. दुसरी एखादी म्हणाली असती, मला काय ठाऊक. आजी शेजारणीकडे गेली. मग पारोळ्याकडच्या एका खेड्यात, सवतीच्या माहेरी गेली. तिथल्या म्हातारीनं तिला लेकीच्या जागी मानलं, आणि पुढे दर आखाजीला आजीचं माहेर तेच झालं. स्वतःच्या माहेरानं पाट लावून दिल्यावर तिच्याकडे पाठ फिरवली होती. त्या म्हातारीकडून आजीनं एकेक गोष्ट गोळा केली. ती डुबुकवड्यात लसूण जास्त घालायची. ती डावरी होती. झोक्यावर ती उभी राहून गायची, बसून नाही. हे सगळं आजीनं मावशीला आणि मामाला इतक्या वेळा सांगितलं की आज मावशी ते स्वतः पाहिल्यासारखं सांगते. वयाच्या सातव्या वर्षी आई गमावलेल्या मुलीची आईची आठवण ही बरीचशी सावत्र आईनं दिलेली आठवण आहे.

दुसरेपणावर आलेल्या बाईच्या गळ्यात सवतीचा टाक घालायची चाल तुम्हांला ठाऊक असेल. मेलेल्या सवतीनं त्रास देऊ नये म्हणून तिची चांदीची प्रतिमा दुसरीनं अंगावर वागवायची. चाल भीतीची आहे. जिवंत बाईला मेलेल्या बाईचा धाक, आणि नवरा दोघींमधून मोकळा. आजीनंही तो टाक काळ्या दोऱ्यात वागवला. मावशीच्या लग्नात तिनं तो गळ्यातून काढला आणि मावशीच्या हातावर ठेवला: "ही तुनी माय. आते तुनाजवळ ऱ्हाऊ दे." धाकाची वस्तू अशी लेकीचा वारसा झाली. मावशीच्या देव्हाऱ्यात तो टाक अजून आहे.

मैत्रिणींनो, हे कौतुक सांगायला मी बसलेली नाही. आजीनं ज्यांची आठवण राखली त्यांच्यापैकी कोणी तिची राखली का, हा माझा प्रश्न आहे.

२०२५ च्या आखाजीला आजोळचं सगळं खटलं गावी जमलं होतं. मोठ्या मामाचा नातू पुण्याला इंजिनियर आहे. पोरगा गुणी आणि घराची ओढ असलेला. त्यानं खर्च करून घराण्याचा वंशवृक्ष भल्यामोठ्या फ्लेक्सवर छापून आणला होता. सगळे कौतुकानं वाचत होते. मीही आईचं नाव शोधू लागले. नाही. आजीचं नाही. आजोबांच्या पहिल्या बायकोचंही नाही. मावशीचं होतं, एका कोपऱ्यात. मी त्याला विचारलं, कशावरून केलंस रे हे? तो म्हणाला, जात पडताळणीला जोडलेली वंशावळ होती आणि जमिनीचे फेरफार होते, त्यावरून.

म्हणजे पोराचा काही दोष नव्हता. कागदातच बाया नव्हत्या. वंशावळ बापाकडून बापाकडे जाते. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी गावोगाव जुनी दप्तरं उघडली गेली, घरोघर वंशावळी लिहिल्या गेल्या. खापरपणजोबांपर्यंतची पुरुषांची नावं आज शाळकरी पोरांना पाठ आहेत. त्यांतल्या किती जणांना पणजीचं नाव सांगता येईल? आणि मावशीचं नाव तरी वंशवृक्षावर कसं आलं? तिनं भावांना हक्कसोड लिहून दिली होती म्हणून. लेकीचं नाव कागदावर आलं ते तिनं आपला वाटा सोडला त्या दिवशी!

मी आईचा विषय काढला तेव्हा एक मामेभाऊ सहज म्हणाला, "अगं, पण ती रक्ताची कुठे?" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. माझी आई त्याच अंगणात वाढली, तिच्या लग्नात आजोबा डोळे पुसत होते, हे त्यालाही ठाऊक होतं. तरीही हिशेब करताना हेच वाक्य त्याच्या तोंडी आलं. मला बोलवेना. आई जाऊन तीन वर्षं झाली होती, ती स्वतः काही सांगायला नव्हती.

मग अठ्ठ्याऐंशी वर्षांची मावशी खाटेवरून बोलली: "माले वाढवनारी बी रगतनी नव्हती."

सगळे गप्प झाले. त्या दुपारी मावशीनं चौथ्या घागरीचं सांगितलं. ती घागर आजीच्या पहिल्या नवऱ्याची. माझ्या खऱ्या आजोबांची म्हणणार होते, पण 'खरे' कोण? ज्यांनी आईला नाव दिलं, शाळेत घातलं, तेही खरेच. आजीनं त्या पहिल्या माणसाचं नाव एकदाच, मावशीला सांगितलं होतं. आपल्या पोटच्या मुलीला सांगितलं नाही. का? मावशीचं म्हणणं असं की मुलगी या घरात परकी ठरू नये म्हणून. बापाचं नाव कळलं तर ती ते कुठेतरी बोलेल, आणि मग 'आमची' पोर 'दुसऱ्याची' होईल. म्हणून आजी एकोणचाळीस आखाज्या मुकी राहिली. घागर मात्र तिनं कधी चुकवली नाही. १९८५ सालची तिची शेवटची आखाजी. नंतर चौथी घागर भरायची हे कोणाच्या लक्षातही राहिलं नाही.

आजीचं मौन नुसतं लाजेतून आलेलं नव्हतं, त्यामागे कायदाही होता. १८५६ च्या विधवाविवाह कायद्याचं आपण शाळेत कौतुक वाचतो. त्याच कायद्याचं दुसरं कलम सांगत होतं की पुनर्विवाह केलेल्या बाईचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क संपतो, जणू ती त्या दिवशी मेलीच. ज्या जातींत पाटाची चाल आधीपासून होती त्यांनाही हे लागू आहे, असा मुंबई हायकोर्टाचा निकाल होता. तिसऱ्या कलमानं पहिल्या नवऱ्याच्या नातेवाइकांना मुलांसाठी दुसरा पालक नेमून मागायची वाट मोकळी ठेवली होती. म्हणजे बाईनं दुसरं घर केलं तर जमीन गेली आणि लेकरूही हातचं जाऊ शकत होतं. अशा बाईनं जुन्या घराचं नाव तोंडातून का काढावं? हा कायदा पुस्तकातून गेला तो १९८३ साली. आजी तेव्हा जिवंत होती, तिला कोणी सांगितलं नाही.

आणि १९५६ च्या वारसा कायद्यात पहा. पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत मुलगा, मुलगी, विधवा, आई आहेत. सावत्र मूल नाही. सावत्र आई 'आई' या शब्दात बसत नाही. ती दुसऱ्या वर्गाच्या यादीत खाली सापडते, आणि तिथं तिचं नाव आहे 'बापाची विधवा'. जिनं पोराला न्हाऊमाखू घातलं, तिचं त्या पोराशी असलेलं नातं कायद्याला एका मेलेल्या पुरुषावरून मोजावं लागतं!

मग आठवण ठेवायची कुठे? वर्गातल्या बायकांनी ती पुस्तकांत ठेवली. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. कर्व्यांना पहिल्या बायकोचा मुलगा होता, रघुनाथ, पुढे संततिनियमनासाठी झगडलेला. गोदूबाईंची आनंदीबाई झाली, पण तिनं 'माझे पुराण' लिहून आपलं जुनं आयुष्यही नव्याला जोडून ठेवलं. आमच्या आज्यांच्या हाती लेखणी नव्हती. त्यांच्याकडे जातं होतं, झोका होता.

जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींचं उदाहरण तर आपल्या दारातलं. तिसाव्या वर्षी विधवा झालेली, अक्षर न शिकलेली शेतकरी बाई. घरात आणि शेतात काम करता करता ती रचत गेली. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पीतांबर चौधरी यांनी जेवढं टिपून घेतलं तेवढं उरलं. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. त्यानंतर ती वही सोपानदेवांनी अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण घरात टिपून घेणारं कोणी नसतं तर? त्याच शिवारात किती जणी गायल्या आणि गेल्या. जात्यावरच्या ओव्या जमवायला हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत फिरले, एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायांना शोधून, त्यांच्यासमोर बसून 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिलं. दोन्ही वेळा कोणीतरी दार ठोठावलं, बसलं, ऐकलं. बाया बोलायला तयारच होत्या.

इथं एक सावधगिरीची गोष्ट. जोडलेल्या घरांचा इतिहास गोडगोड करून लिहायचा मोह होतो. माझी आजी भली होती. पण केंद्रात आपण दुसऱ्या बाजूही ऐकतो. पहिलीचा फोटो भिंतीवरून उतरवलेलं घर, आईचं नाव काढलं म्हणून मार खाल्लेलं लेकरू, टाकून दिलेली पहिली जिवंत असताना मुलांना 'ती मेली' असं सांगणारा बाप. ज्या दुसरीनं फोटो उतरवला ती बहुतेक वेळा स्वतः भेदरलेली असते, तिला आपल्या जागेची खात्री नसते. हेही लिहिलं पाहिजे. आठवण राखणं म्हणजे सगळ्यांना चांगलं ठरवणं नव्हे. कोण कुठून आलं, काय सोडून आलं आणि कोणामुळे, हे नीट सांगणं.

आजोळी त्या दिवशी पुढे काय झालं? पोरानं विचारलं, "आजी, मग मी झाड काढू कसं? याला दोन-दोन बुंधे येतात." मावशी म्हणाली, झाड राहू दे, तू लिही. त्यानं मोबाइल सुरू करून तिच्या उशाशी ठेवला. तीन तास ती बोलली, अहिराणीत. मध्ये गायली, मध्ये दोन शिव्याही हासडल्या. पोराला निम्मं कळेना, ते त्याच्या आईनं समजावून दिलं. नंतर त्यानं एक साधी दोनशे पानी वही केली. त्यात माणसाच्या नावाखाली जन्ममृत्यूच्या आधी एक ओळ असते: हिला कोणी वाढवलं, हिनं कोणाला वाढवलं. या एका ओळीनं माझ्या आईला घरात जागा मिळाली, आजोबांच्या पहिल्या बायकोलाही मिळाली. फ्लेक्स गोठ्यावर पत्र्याखाली लावला आहे, पाऊस अडवतो.

मी शिरपूर तालुक्यातल्या त्या गावच्या नोंदी पाहून आले. जुन्या कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना चौदामध्ये, १९४२ ची एक ओळ सापडली. बापाचं नाव, जात, तारीख, आणि पुढे नुसतं 'मुलगी'. माझ्या आईची जन्माच्या गावातली एवढीच खूण. बापाचं ते नाव मी इथं छापत नाही. त्या घरात आज माणसं आहेत, त्यांना मी अजून विचारलेलं नाही. आपण लिहू लागलो की हा नियमही पाळायचा. जिवंत माणसाची गोष्ट तिच्या परवानगीशिवाय बाहेर न्यायची नाही. आजीनं मौन का पाळलं ते आधी समजून घ्यायचं, मग ते मोडायचं.

आता कामाचं बोलू. बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर अर्धा तास काढा. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला विचारा: तुझं लग्नाआधीचं नाव काय? या घरात तुझ्याआधी कोण होती, आणि तिच्याबद्दल तुला काय ठाऊक आहे? तू काय मागे ठेवून आलीस? बोली सुधारू नका, जशी बोलेल तशी लिहा. लिहिता येत नसेल तर नातवंडाच्या हाती वही द्या, त्यालाही कळू द्या.

कागदही पहा. सावत्र लेकराला आपोआप वाटा येत नाही. त्याला काही द्यायचं असेल तर मृत्युपत्र करा किंवा नोंदणी केलेलं बक्षीसपत्र करा. २०१५ च्या बालन्याय कायद्याखाली २०१७ साली झालेल्या दत्तकाच्या नियमांत सावत्र पालकालाही रीतसर दत्तक घेण्याची सोय आली, ती विचारून घ्या. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदावर आईचं नाव बापाच्या आधी येतं. त्या मुलाची आई गेली आणि दुसरी आली, तरी पहिलीचं नाव आता पुसलं जाणार नाही. माझ्या आईच्या वेळी ही एवढी सोय असती तर तिच्या नोंदीत नुसतं 'मुलगी' राहिलं नसतं, निदान आजीचं नाव तरी त्या ओळीत असतं.

तुमच्या वह्यांतली दोन-चार पानं आम्हांला पाठवा. पुढचा अंक त्यांच्यासाठी राखून ठेवतो आहोत. नावं बदलून पाठवलीत तरी चालेल.

येत्या आखाजीला मावशी असेल नसेल, मला ठाऊक नाही. आजोळी मी जाणार आहे. चार घागरी भरणार, आणि आजीची पाचवी, माझ्या आईची सहावी. भिंतीजवळच्या चौथीपुढे घास टाकताना नाव घ्यायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. तोवर त्या घरी जाऊन विचारून यायचं आहे.